स्टीलला कुरवाळायचं नाही

स्टील दोन तऱ्हांनी ओरडतं. कापलं जात असेल तर पोटातून, जाडसर, करकरत. नुसतंच घासलं जात असेल तर किंचाळतं, दारात बोट चेमटलेल्या लेकरासारखं. त्या रविवारी सकाळपासून आमच्या मागच्या खोलीतून ही दुसरी किंचाळी येत होती, आणि मी ओट्यापाशी दात-ओठ खात उभी होते.

मशीनवर माझे धाकटे दीर होते.

आठ वाजता आले ते बाह्या दुमडतच. पायातले बूट काढता काढता म्हणाले, "वहिनी, आज दोन कामं. आईची दांडी बसवून देतो, आणि चार वाजता टेम्पो सांगितलाय, दादाचं ड्रिलचं मशीन घेऊन जातो. माझ्या ओळखीच्या एकाला हवंय. इथं पडून गंजण्यापेक्षा बरं, नाही का?"

त्या 'नाही का'ला उत्तर नको असतं. मी 'बरं' म्हटलं नाही, 'नाही'ही म्हटलं नाही. चहा ठेवला. नवरा गेल्यापासूनच्या आठ महिन्यांत मला ही सवयच जडली होती. कुणी माझ्या घरातलं काही उचलायची भाषा केली की मी चहा ठेवायची.

दांडी सासूबाईंसाठी होती. अकरा दिवसांपूर्वी त्या बाथरूममध्ये घसरल्या. हाड मोडलं नाही, पण पायांतला धीर गेला. तेव्हापासून माझा खांदा धरून जातात आणि जाताना दर वेळी सांगतात, "तुझा खांदा नुसता हाडांचा. धरायचं तरी काय?" धरायला दांडी माझ्या नवऱ्यानं जिवंतपणीच करून ठेवली होती. हातभर लांब, गुळगुळीत. आणि ती जिच्यावर बसायची ती स्टीलची पट्टी, चार बोटं रुंद, पाच मिलिमीटर जाड. पट्टीला सहा भोकं पाडायची तेवढी राहिली होती. दोन दांडीसाठी, चार भिंतीसाठी. राहिली, कारण सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "मला लंगडी ठरवलंत तर मी आंघोळच सोडीन." त्या आंघोळ सोडतील याची आम्हाला खात्री होती. म्हणून दांडी कपाटामागं गेली. मग तो बनवणाराच गेला.

किंचाळी थांबली. जळका वास आला. मी पदराला हात पुसले आणि मागे गेले.

खोली लहान आहे. एका भिंतीला कामाचं टेबल, टेबलावर मशीन, मशीनच्या डाव्या हाताला अवजारांची फळी. प्रत्येक अवजाराच्या मागे फळीवर त्याची आकृती रंगवलेली, म्हणजे पान्हा जागेवर नसला की पान्ह्याचं भूत दिसतं. उजव्या हाताला भिंतीला टेकून एक झाडू. भाऊजी पट्टीवर वाकून फुंकर मारत होते. पट्टीवर तीन खुणा, तिन्ही खुणांभोवती निळं कडं पडलेलं, मोराच्या मानेसारखं चकचकीत. मधे कपचीभर खळगा. भोक एकही नाही.

"बिटंच भिकार आहेत," ते म्हणाले. "दोन तर गेलीच कामातून."

"पट्टा वरच्या पुलीवर आहे," मी म्हटलं. "खाली घ्यावा लागेल. वेग फार होतोय."

त्यांनी मान वर केली आणि हसले. वाईट हसू नव्हतं ते. लहान मुलानं मोठा शब्द वापरला की माणूस हसतो, तसं.

"वहिनी, पंधरा वर्षं कारखान्यात सुपरवायझर आहे मी. वेग जास्त तर काम लवकर."

"तेलही लागतं."

"तेल घातलंय की."

"आधी घालायचं असतं."

"दादा असं म्हणायचा का?" त्यांचा आवाज मऊ झाला. त्यांनी खिडकीतला स्टॅंड उचलला. काचेच्या नळ्या उभ्या करायचा स्टॅंड, चाळीस भोकांचा, प्रयोगशाळेसाठी केलेला, नमुना म्हणून एक घरीच राहिलेला. भाऊजींनी तो उजेडात धरला. चाळीस भोकांतून चाळीस उजेडाचे थेंब त्यांच्या शर्टावर पडले. "हे बघा. एकाचीही कड खरखरीत नाही. ही अशी भोकं दादाच पाडू जाणे. असा हात पुन्हा व्हायचा नाही. हा मी नेणार आहे घरी, काचेच्या कपाटात ठेवायला. चालेल ना?"

मी त्या स्टॅंडकडं बघत राहिले. तिसऱ्या रांगेतलं पाचवं भोक बाकीच्यांपेक्षा केसभर डावीकडं आहे. कुणाला दिसत नाही. मला दिसतं, कारण ते पाडताना मला शिंक आली होती.

*

माझ्या नवऱ्याला गल्लीत 'काटकोन' म्हणत. भोक सरळ, बोलणं सरळ, पाठ सरळ. काटकोनाकडं काम टाकलं की माणूस निर्धास्त. अठरा वर्षं त्या मागच्या खोलीत त्यांनी स्टीलशिवाय कशाला हात लावला नाही, आणि अठरा वर्षांनी उजव्या हाताला कंप सुटला. तो आधी पेल्यात दिसला, मग सहीत, मग बिट खाली दाबायच्या मशीनच्या दांड्यावर.

लाकूड सांभाळून घेतं. लोखंडसुद्धा थोडं घेतं. स्टील घेत नाही. वरून हाताचं वजन कमी पडलं की बिट नुसतं जागच्या जागी फिरतं, स्टील तापतं, निळं पडतं, आणि निळं पडलं की दुप्पट टणक होऊन बसतं. मग वरून कितीही दाबा, ते तोंड उघडत नाही. त्यांचा हात ढिला पडत होता आणि ते बिटांना शिव्या देत होते. दुकानदाराला देत होते. एकदा आख्खा डबा भिंतीवर फेकला. मी बिटं वेचली. एकही बोथट नव्हतं.

एका दुपारी त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, "इकडं ये."

माझा हात दांड्यावर ठेवला. त्यांचा हात त्याच्यावर, थरथरता, चिमणी धरल्यासारखा.

"पट्टा सगळ्यात खालच्या पुलीवर. तेल आधी, भोक मागून. आणि एक लक्षात ठेव, स्टीलला कुरवाळायचं नाही. कापायचं, नाही तर हात उचलायचा. मधलं काही नाही."

किती वेळ दाबायचं आणि कधी उचलायचं, हे मला काही केल्या जमेना. ते म्हणायचे, "हाताला कळतं." माझ्या हाताला कळत नव्हतं. मग मी गाण्यावर धरलं. सासूबाई आपल्या दोन्ही मुलांना लहानपणी झोपवताना म्हणायच्या ते. अजूनही दुपारी स्वतःला झोपवायला गुणगुणतात.

सावलीच्या मांडीवर ऊन निजलं ग बाई,
वाऱ्या, हळू चाल जरा, तुला कसली रे घाई.

'सावलीच्या'ला दाबायचं, थेट 'वाऱ्या'पर्यंत दाबतच राहायचं. 'वाऱ्या' म्हटलं की उचलायचं. तेवढ्यात तेलाचा थेंब. मग 'हळू चाल'ला पुन्हा खाली. गाण्याची ओळ भलत्याच ठिकाणी तुटायची, पण स्टील नेमकं तुटायचं. लांब, वळणावळणाचा, चमकता कीस बाहेर यायचा. दोन वर्षांत ते आख्खं गाणं माझ्या खांद्यात जाऊन बसलं.

दोन वर्षं काटकोनाच्या नावाची सगळी भोकं मी पाडली. आणि दोन वर्षं तो झाडू मशीनच्या उजव्या हाताला उभा होता.

झाडूची युक्ती त्यांचीच. गिऱ्हाइकाची चाहूल लागली की मी दांडा सोडायचा, झाडू घ्यायचा. ते पुढं होऊन दांडा धरायचे. "कुणाला कळता कामा नये," म्हणाले होते. "मला शब्द दे." दिला. देताना वाटलं, केवढं प्रेम आहे हे. एकदा प्रयोगशाळेची बाई स्टॅंड न्यायला आली. मी नुकतंच चाळिसावं भोक संपवलं होतं, खांदा ठणकत होता. ती म्हणाली, "काटकोन, तुमचा हात म्हणजे सोनं आहे." मी खाली वाकून स्वच्छ फरशी झाडत होते. मी जवळ आले तशी तिनं पाय उचलला. मला तिच्या चपलेखालचं झाडता यावं म्हणून.

ती गेल्यावर त्यांनी विचारलं, "रागावलीस?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी लगेच विश्वास ठेवला. तेच मला अजून सलतं. एवढा सरळ माणूस, आणि ते 'नाही' वाकडं आहे हे त्याला कळलं नाही.

ते गेल्यावर ती बाई दोनदा आली. आणखी स्टॅंड हवे होते. दोन्ही वेळा मी दारात उभी राहून सांगितलं, "करणारा गेला." माझ्या तोंडानं. शब्द दिला होता ना.

*

"सूनबाई," भिंतीपलीकडून सासूबाईंचा आवाज आला. त्यांचा पलंग या खोलीच्या भिंतीला लागूनच आहे. "त्याला सांग, भोक पडायच्या आधी मी पडेन."

"होतंय आई," भाऊजी ओरडले. "दहा मिनिटं."

"नऊपासून दहाच मिनिटं आहेत तुझी. घड्याळ बंद पडलंय की तू?"

भाऊजींचे कान लाल झाले. त्यांनी तिसरं बिट लावलं, आणि पट्टा होता तिथंच ठेवून मशीन सुरू केलं. दांडा धरला तो असा, दोन बोटांनी, पेन धरल्यासारखा. बिट निळ्या कड्यात फिरायला लागलं. किंचाळी. धूर.

"दाबा," मी म्हटलं.

"बिट मोडेल."

"मग उचला. नुसतं टेकवून ठेवू नका."

"वहिनी, प्लीज. मागे उभं राहून सूचना नकोत."

बिट मोडलं. टोक उडून फळीवरच्या पान्ह्याच्या भुताला लागलं. भाऊजींनी मशीन बंद केलं, कपाळ पुसलं, आणि पट्टी सोडवून टेबलावर आदळली.

"स्टीलच खराब आहे. दादानं कुठून आणलं होतं कोण जाणे. शेवटी शेवटी त्याचं लक्ष नव्हतं कामात." मग समजूत घातल्यासारखं म्हणाले, "जाऊ दे. बाजारात तयार दांडी मिळते, संध्याकाळी आणून बसवतो. तुम्ही असं करा, टेम्पो यायच्या आत एवढा कीस झाडून घ्या. तो झाडू आहेच तिथं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, असं म्हणतात ना, तसं काही झालं नाही. उलट झालं. डोक्यातलं सगळं खाली उतरलं, खांद्यात, दंडात, तळहातात. हात जड झाले, ओळखीचे झाले. मी झाडू उचलला. भाऊजी बाजूला सरकले, मला वाट द्यायला. आणि त्यांनी पाय उचलला.

मी झाडू त्यांच्या हातात दिला.

"धरा," मी म्हटलं. "आणि तिथं दारात उभे राहा. कुणी आलं तर झाडायला लागा."

"म्हणजे?"

मी घरात गेले, कपाटातून दोऱ्याच्या रिळांचा डबा काढला. तळाशी, पांढऱ्या रिळाखाली, कापडात गुंडाळलेलं कोबाल्टचं बिट होतं. सहा मिलिमीटर. शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला धार लावायला शिकवलं, ते याच बिटावर. आठ महिने दोऱ्यांत लपवून ठेवलं होतं मी ते, कुणापासून ते मलाही सांगता आलं नसतं.

परत येऊन पट्टा काढला, सगळ्यात खालच्या पुलीवर चढवला. पट्टी उलटी केली.

"ती बाजू उलटी आहे," भाऊजी म्हणाले. झाडू हातात तसाच.

"त्या बाजूला तुम्ही दगड करून ठेवलाय. बिट त्यात शिरणार नाही. या बाजूनं अजून मऊ आहे. खालून पोखरलं की वरचं आपोआप सुटतं."

"हे तुम्हाला कुणी..."

"गप्प बसा भाऊजी."

अठ्ठावीस वर्षांत मी त्यांना असं बोलले नव्हते. त्यांनी नवलानं झाडू छातीशी धरला.

मागच्या बाजूवर पुन्हा मापं घेतली, सहा खुणा आखल्या, पंच ठोकला. एकेकच टोला, हलका. पट्टी वाइसमध्ये आवळली. तेलाचा थेंब सोडला. मशीन सुरू केलं, तर ते हळू, गुरगुरत फिरायला लागलं, झोपेतून उठलेल्या कुत्र्यासारखं, आणि मला वाटलं यानं मला ओळखलं.

दांडा धरला. पहिल्यांदा 'सावलीच्या' म्हणताना राग आडवा आला. मग मी तो रागच खांद्यात ढकलला. या माणसावर, जो मला न विचारता टेम्पो बोलावतो. त्या बाईवर, जिनं पाय उचलला. आणि त्या मेलेल्या माणसावर, हो, त्याच्यावर सगळ्यात जास्त, ज्यानं माझा हात आपल्या नावाखाली पुरला आणि वर माझ्याकडून शब्द घेतला. मेलेल्यावर रागावू नये म्हणतात. मी आठ महिने रागावले नव्हते. नुसती घासत होते, जागच्या जागी, तापत, निळी पडत.

सावलीच्या मांडीवर ऊन निजलं ग बाई, वाऱ्या...

उचललं. तेल. कीस बाहेर आला होता, दोन सारख्या लांब वेलांट्या. हळू चाल जरा. दाबलं. स्टील पोटातून करकरलं, तो जाडसर, खरा आवाज. तुला कसली रे घाई. तळाशी ती टणक कातडी लागली, हाताला कळलं. होय, हाताला कळलं. मी वजन जरासुद्धा कमी केलं नाही. टक् करून पलीकडं गेलं.

भोकातून खालचं लाकूड दिसत होतं.

"एक," मी म्हटलं.

दोन. तीन. निळ्या कड्यांची तिन्ही झाली. चौथं सोपं गेलं. भाऊजी जागचे हलले नव्हते. पाचव्या भोकाच्या वेळी त्यांनी खिडकीतल्या स्टॅंडकडं पाहिलं, मग माझ्या हाताकडं, मग परत स्टॅंडकडं. सहावं संपवून मी मशीन बंद केलं, तेव्हा त्यांचा चेहरा पडलेला होता.

"हे कधी शिकलात?"

"तुमच्या दादाचा हात गेला तेव्हा."

"गेला म्हणजे?"

"थरथर कापायला लागला. शेवटची दोन वर्षं त्यांनी एकही भोक पाडलं नाही. तो स्टॅंड माझा आहे. काचेच्या कपाटात ठेवायचा तर खाली माझं नाव लिहा."

त्यांनी झाडू भिंतीला टेकवला, फार सावकाश. "वहिनी, माणूस गेल्यावर असं बोलू नये."

"कसं?"

"त्याचं घर घेतलंत, मी काही बोललो नाही. वस्तू घेतल्यात, बोललो नाही. आता त्याचं नावही घेणार? त्याच्याकडं दुसरं होतं काय?" त्यांचा आवाज चिरकला. "लहानपणी माझ्या सायकलला घंटी बसवायची होती तर त्यानं हातानं भोक पाडलं होतं. हातानं. खिळा आणि दगड घेऊन. तो हात कापत होता म्हणता?"

"अठरा वर्षं त्यांची आहेत भाऊजी. तुमची घंटीही त्यांचीच. त्यातलं काही मी काढून घेत नाही. दोन वर्षं माझी आहेत. ती मला द्या."

"कुणी बघितलंय?"

कुणी बघितलं असणार? ज्यासाठी झाडू होता तेच झालं होतं. कुणी काहीच बघितलं नव्हतं.

"बघितलं नाही," दारातून आवाज आला. "ऐकलंय."

सासूबाई भिंत धरत धरत एकट्या आल्या होत्या. केस मोकळे, एका पायात चप्पल, दुसऱ्यात नाही. भाऊजी धावले तर त्यांना हातानंच थांबवलं, आणि दाराची चौकट धरून श्वास घेतला.

"माझं गाणं आहे ते. 'बाई'पाशी थांबायचं असतं, श्वास तिथं आहे. ही बया 'वाऱ्या'पाशी तोडते. दोन वर्षं, सकाळ-संध्याकाळ, 'वाऱ्या'पाशी. मला वाटायचं उठून जावं आणि कानाखाली वाजवावी." त्या भाऊजींकडं वळल्या. "तुझा दादा कधी गायचा का रे? तो तर पाळण्यात सुद्धा तोंड वाकडं करायचा. भिंतीला कान लावून झोपते मी. कुणाच्या हाताखाली मशीन आहे, मला कळणार नाही?"

भाऊजी स्टुलावर बसले.

मला हायसं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. राग होता तो नुसता मान वळवून दुसरीकडं बघायला लागला.

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"बोलले असते तर तो लाजेनं तेव्हाच मेला असता."

"आणि ते गेल्यावर? आठ महिने? ती बाई दोनदा दारात आली, मी 'करणारा गेला' म्हणाले, तुम्ही पलंगावर होतात. आज सकाळी टेम्पोचं बोलणं झालं, तेव्हाही होतात."

सासूबाई माझ्याकडं बघत राहिल्या. म्हातारे डोळे, पाणी आलं तर ते कशाचं ते कळत नाही.

"तो माझा पोरगा होता ग," त्या म्हणाल्या. "त्याची लाज मी झाकायची नाही तर कुणी?"

"आणि माझं?"

"तुझं तू बोलशील असं वाटलं. मला काय माहीत तू इतकी मुकी आहेस ते. गाताना तर आवाज बरा असतो."

मला हसू आलं असतं, दुसऱ्या एखाद्या दिवशी.

"तुम्ही तुमच्या मुलाला जपलंत आई. बरं केलंत. पण मी हे विसरणार नाही."

"नको विसरूस," त्या म्हणाल्या. "आता मला आत ने. पाय कापताहेत. आणि तुझा तो हाडांचा खांदा दे."

*

टेम्पो चारला पाच कमी असतानाच आला. टेम्पोवाला दोरखंड खांद्यावर टाकून थेट मागच्या खोलीत शिरला, मशीनभोवती एक फेरी मारली, बुडाला हात लावून वजनाचा अंदाज घेतला.

"हेच ना?" त्यानं भाऊजींना विचारलं.

भाऊजी माझ्याकडं पाहायला लागले. दुपारी पट्टीच्या भोकांच्या कडा मी कानशीनं साफ करत असताना ते बाथरूमच्या भिंतीवर खुणा करत होते, आणि खुणा तीन-तीनदा मापत होते.

"हे जायचं नाही," मी म्हटलं.

"अहो ताई, मला तर फोन आला होता."

"ज्यांनी फोन केला त्यांना न्यायचं तर न्या. ते बरेच हलके आहेत."

टेम्पोवाला हसला. मग जरा नाराजीनं विचारलं, "मग चालवतं कोण हे? बंदच पडून राहणार ना?"

साधा प्रश्न होता. त्याला काही माहीत नव्हतं, काही हवंही नव्हतं, दोर उगाच वाहून आणल्याचा वैताग होता एवढंच. भाऊजी खाली बघत होते. भिंतीपलीकडं पलंग करकरला आणि थांबला, म्हणजे तिकडं कान लागला होता.

"मी चालवते," मी म्हटलं.

आठ महिने आणि दोन वर्षांनी ते दोन शब्द तोंडातून बाहेर पडले, आणि काही झालं नाही. छत पडलं नाही. टेम्पोवाला म्हणाला, "हां, मग ठीक आहे," आणि दोर गुंडाळत गेला.

दांडी आम्ही पाचच्या सुमाराला बसवली. भिंतीची भोकं भाऊजींनी पाडली आणि ती चांगली पाडली, ते मी बोलूनही दाखवलं. सासूबाईंनी दांडी आधी एका बोटानं ढकलून पाहिली, मग एका हातानं धरली, मग दोन्ही हातांनी धरून गुडघे सोडून दिले. आम्ही दोघंही पुढं झेपावलो. त्या लटकल्या होत्या, आणि दांडी हलली नव्हती.

"कुरकुरत नाही," त्या म्हणाल्या. या घरात त्यांनी ज्याच्याबद्दल असं म्हटलं अशी ही पहिलीच वस्तू.

तीन भोकांभोवतीची निळी कडी समोरच दिसत होती. ती बाजू भिंतीकडं करता आली असती. बसवताना पट्टी माझ्याच हातात होती.

"ते निळं घासून काढू का?" भाऊजींनी हळूच विचारलं. "पॉलिश पेपरनं निघेल. चांगलं दिसत नाही."

"राहू द्या," मी म्हटलं. "मला दिसायला हवंय."

"आणि तो स्टॅंड?"

"तोही इथंच राहू द्या. नमुना लागेल."

ते मग मागच्या खोलीत गेले. मला वाटलं अवजारं आवरायला गेले असतील. सासूबाईंना पलंगावर निजवून मी प्रयोगशाळेच्या बाईचा नंबर शोधायला वही काढली, तेव्हा आतून झाडूचा आवाज येत होता. खरखर, खरखर, फरशीवरून स्टीलचा कीस ओढला जाण्याचा.

मी जाऊन थांबवलं नाही.